मनकर्णाबाईच्या हाताखालच्या बाया

हिवरखेडच्या भगवंत माळ्यानं मळ्यातली वांगी, मेथी आणि झेंडू उपटून तिथं कपाशी लावली, तेव्हा त्याच्या बायकोनं कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिचं नाव मनकर्णा. माळ्याच्या मळ्यात कपाशी ही गोष्ट तिच्या मनाला पटत नव्हती. पण गावात सगळेच तसं करत होते. साता समुद्रांपलीकडे कुठंशी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस यायचा बंद झाला होता, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. लोक बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवू लागले. ज्वारी पेरायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे कापूस दारात आणि भाकरी महाग, अशी गत झाली.

भगवंतानं गाडी भरली आणि अमरावतीच्या बाजाराला निघालेल्या गाड्यांच्या तांड्याबरोबर तो गेला. ऊन तापायला लागलं होतं. परत आला तो त्याचा सोबती नत्थुजी. त्याच्या गाडीच्या मागं भगवंताचे बैल बांधलेले होते. नत्थुजी अंगणातच बसला, ओसरीवर चढला नाही.

"वयनी, बोरगावच्या पुढं त्याले मरीनं धरलं," तो म्हणाला.

"त्याच्यापाशी कोन होतं?"

"कोनीच नोहतं. तांडा काई थांबला नाई. निंबाखाली निजवलं, लोटाभर पानी ठेवलं. गावात दवा मांगाले गेलो त लोकायनं गोटे हानले. आमी कोन, कुठचे, त्यायले काय मालूम?"

"मंग तुमी पाह्यलं त्याले?"

"वापस येतानी पाह्यलं. लोटा तसाच भरलेला होता. त्याच्या हातापासून वीतभर दूर."

मनकर्णाला मूलबाळ नव्हतं. दिरानं मळा आपल्याकडे घेतला आणि ती अमरावतीजवळ वलगावला, आपल्या भावाकडे आली. भाऊ पंजाबराव आणि भावजय पार्बताबाई यांनी तिला वाईट वागवलं नाही. पेढी नदीच्या काठचा त्यांचा मळा अजून भाजीचाच होता. मनकर्णा पहाटे भाजी खुडायची, पाटी डोक्यावर घेऊन अमरावतीला जायची आणि विकून यायची. रात्री मात्र तिला तो लोटा दिसायचा.

दुसऱ्या वर्षी बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याचं काम जोरात आलं. मातीकामाला आणि खडी फोडायला कुठून कुठून माणसं आली: तेलंगणातले वडार, मेळघाटातून उतरलेले कोरकू, बाळापूरकडचे मुसलमान गाडीवान, दूरच्या दुष्काळी पट्ट्यातले महार-मांग. त्यांच्या झोपड्या रस्त्याच्या कडेनं लांबच लांब पसरल्या होत्या. तिथं भाजी चांगली खपायची म्हणून मनकर्णा तिकडे जाऊ लागली.

चैत्रात तिथं मरी, म्हणजे पटकीची साथ, आली.

मनकर्णा त्या दिवशी पाटी घेऊन गेली तर निम्म्या झोपड्यांची दारं बांबूच्या तट्ट्यांनी झाकलेली. एका झोपडीतून बाईचा आवाज येत होता. भाषा तेलंगी होती, मनकर्णाला एक अक्षर कळत नव्हतं, पण घसा सुकलेल्या माणसाचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. तिनं पाटी खाली ठेवली आणि आत शिरली. बाई घाणीत पडलेली होती, डोळे आत गेलेले. मनकर्णानं डेऱ्यातलं पाणी घेतलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. मग पाटीतली भाजी झाकायचा फडका भिजवून तिचं अंग पुसलं.

दारात सावली पडली. मनकर्णानं वर पाहिलं. सरकारनं साथीसाठी नेमलेला डॉक्टर उभा होता. शेषराव त्याचं नाव, मूळचा पुण्याकडचा, वयानं तिशीच्या आतला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"तुम्ही हिच्या कोण?" त्यानं विचारलं.

"कोनी नाई. भाजीवाली हाओ मी."

तो दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसला. "बाई, रुळांपलीकडे मी तट्ट्यांचे दवाखाने उभारले आहेत. पुरुषांची निगा करायला गडी मिळतात. बायका गड्यांना हात लावू देत नाहीत. मरतात, पण लुगडं बदलू देत नाहीत. त्यांच्यासाठी मला एकही बाई मिळत नाही. तुम्ही याल का?"

ती घरी गेली आणि भावाला सांगितलं. पंजाबराव मोट सोडून आला होता, पाय चिखलानं भरलेले. त्यानं ऐकून घेतलं.

"मनकर्णे, तुले भूत लागलं काय? तथी कोन कोनत्या जातीचं, काई ठावं हाय? तू त्यायची घान उपसशीन आन् वापस येऊन आमच्या चुलीपाशी बसशीन?"

"नाई बसनार, दादा. बाहेर गोठ्यात राहीन."

"गावाले ते चालनार नाई. माह्यी पोरगी लग्नाची हाय. तू गेली त तिले सोयरिक कोन देईन?"

त्याचं खोटं नव्हतं. पार्बताबाई परातीतलं पीठ मळत राहिली. मनकर्णा सकाळी निघाली तेव्हा भाऊ मळ्यात होता. तो मुद्दामच लवकर गेला होता.

शेषरावांनी तिला जे शिकवलं ते साधंच होतं, पण करायला जड. घाण उघड्यावर टाकायची नाही, खड्ड्यात टाकून वर चुना घालायचा. मेलेल्याचे कपडे जाळायचे. हात राखेनं आणि ऊन पाण्यानं चोळायचे. पाणी उकळून द्यायचं, रोगी ओकला तरी परत द्यायचं, हातपाय गार पडले की ऊन विटांनी शेकायचे. अफूची गोळी कधी द्यायची आणि कधी नाही ते शेषराव स्वतः सांगत. "माझ्या औषधानं किती माणसं वाचतात ते मला नक्की माहीत नाही," ते एकदा म्हणाले. "पण ज्यांच्याजवळ कोणी बसतं ती जास्त वाचतात, एवढं मी पाहिलंय."

एकटी बाई किती जणींजवळ बसणार? साथ रस्त्याबरोबर दोन्ही दिशांना पसरत होती. शेषरावांनी तिला सांगितलं, "तुम्ही आणखी बायका तयार करा."

तीन जणी मिळाल्या. गंगूबाई महार, वयस्क, अंगानं मजबूत, मुलगा खडी फोडताना गेलेला. हाजराबी पिंजारीण, बाळापूरची. सगळा कापूस परदेशी जाऊ लागल्यावर गाद्यांना कापूस उरला नाही, नवऱ्याची पिंजण खुंटीला लागली आणि तो झुरून मेला. तिसरी जमुना, वीस-बावीस वर्षांची कुणब्याची पोर. तिच्या नवऱ्यानं कापसाच्या पैशावर दुसरी बायको केली होती आणि हिला काढून दिली होती. तिघी आल्या त्या आपापला पाण्याचा डेरा घेऊन. तीन कोपऱ्यांत तीन चुली मांडल्या.

पहिल्याच दिवशी मनकर्णाच्या लक्षात आलं की जमुना महाराच्या बाईला पाणी वरून ओतते. हाजराबी वडारणीजवळ जात नाही, कारण ते लोक डुक्कर खातात. आणि गंगूबाई कोणाच्याच अंगाला हात लावत नाही. नुसती उभी राहते, हात मागं धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं एक बाज ओढली आणि स्वतःच तिच्यावर निजली.

"मी बिमार हाओ," ती म्हणाली. "मले उचला, कूस बदला, पुसा, आन् पानी पाजा. तिघीजनी. गंगूबाई, पयले तुमी."

गंगूबाई जागची हलली नाही. "बाई, मले काई नका सांगू. उद्या तुमीच म्हनसान का गंगूनं मले बाटवलं. तुमची जात तुमाले जवळ घेईन, मार मले बसन."

"नाई म्हननार."

"आज म्हनता. माळ्याच्या बायकोले आमच्या हातचं पानी कोनी पेताना पाह्यलं नाई."

मनकर्णानं आयुष्यात असं पाणी प्यायलं नव्हतं, आणि आता प्यायलं की वलगावची वाट संपली, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बाहेर खडी फोडल्याचा आवाज येत होता. "पाजा," ती म्हणाली.

गंगूबाईनं वाटी भरली. ती मनकर्णाच्या ओठांना लावली. मनकर्णा प्याली. मग हाजराबीच्या हातचं प्याली. जमुना हे सगळं बघत भिंतीला टेकून रडत होती. बऱ्याच वेळानं ती पुढं आली आणि तिनं मनकर्णाचे पाय पुसायला घेतले.

आठवड्यात ही गोष्ट वलगावला पोचली. पंजाबरावनं जातीपुढं उभं राहून सांगितलं, मले बहीन नाई.

मनकर्णानं तिघींना शिकवलं ते झटपट शिकवलं, कारण वेळ नव्हता. कसं उचलायचं, कसं साफ करायचं, कसं धीट राहायचं. "लवकर उचला, लवकर आना," ती सारखं सांगायची. "झोपडीत पडली त मेली." जमुना सगळ्यांत चपळ निघाली. शिकल्यावर तिची भीती गेली आणि जिथं-तिथं तीच पुढं.

कोरकूंच्या झोपड्या सगळ्यांत शेवटी, नाल्यापलीकडे होत्या. ते फारसे कोणाशी बोलत नसत. एके दिवशी जमुना आणि हाजराबी तिकडे गेल्या. एका झोपडीत एक तरुण बाई आजारी होती. नवरा दारात उभा होता. तो काहीतरी बोलत होता, परत परत तेच. दोघींना कळलं नाही. जमुनानं त्याला बाजूला सारलं, दोघींनी बाईला बाजेवर घातलं आणि घेऊन आल्या. नवरा नाल्यापर्यंत मागोमाग आला, मग थांबला.

बाई दुपारी गेली. तिचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्याचा रिवाज असा होता की दिवसभरात जे जातील त्यांना संध्याकाळी गडी एकाच चितेवर ठेवत. तिलाही ठेवलं.

सकाळी गंगूबाई पाणी आणायला गेली आणि धावत परत आली. "बाई, नाल्यापलीकडं कोनीच नाई. झोपड्या खाली झाल्या."

मनकर्णा तिकडे गेली. चुली गार होत्या. एका झोपडीत एक म्हातारा मागं राहिला होता, त्याला चालवत नव्हतं. त्याला मोडकी-तोडकी मराठी येत होती.

"आमच्यात जाळत नाई," तो म्हणाला. "मातीत ठेवते. देवाजवळ ठेवते. तुमी तिले जाळलं. सगळे पाहून भेले. आता तुमी सगळ्यायले नेसान आन् जाळसान. आमच्यायनं बिमार होते त्यायलेबी उचलून नेलं. पहाडात गेले."

"तिचा मानूस काय म्हनत होता?" मनकर्णानं विचारलं. "दारात उभा राहून?"

"विचारे, हिले वापस कधी आनसान."

जमुना मागं उभी होती. तिनं ते ऐकलं. ती तिथंच नाल्याच्या वाळूत बसली आणि उठेना.

मनकर्णा गंगूबाईला घेऊन त्यांच्या मागं निघाली. मेळघाटाची वाट अमरावतीवरून पुढं वलगावकडून जाते. शहराचा परकोट मागं पडला आणि त्यांना पहिलं माणूस दिसलं. पळसाखाली, तोंडावर फडका टाकलेला. पुढं आणखी. काहींना घाईघाईनं थोडी माती लोटलेली होती, काहींना तेवढंही नाही. एक लेकरू आपल्या बापाजवळ बसलं होतं. त्याला उचलून गंगूबाईनं कडेवर घेतलं, पण ते वाटेतच तिच्या खांद्यावर गेलं. ती बराच वेळ तशीच चालत राहिली. मनकर्णानं सांगितलं तेव्हा कुठं थांबली. दोघींनी हातांनी आणि काठीनं खड्डा केला आणि त्याला मातीत ठेवलं.

वलगावच्या शिवेवर लोकांनी काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली होती. तिथं धुऱ्याजवळ, मळ्याच्या बांधाशी, एक बाई जिवंत होती. ओठ फाटलेले. ती एकच शब्द म्हणत होती, "डा, डा."

"डा म्हंजे काय?" गंगूबाई म्हणाली.

मनकर्णानं ओंजळ तोंडाजवळ नेऊन दाखवली. बाईनं डोळे मिटून उघडले. डा म्हणजे पाणी. मनकर्णा एवढे दिवस त्या लोकांत वावरत होती आणि हा शब्द तिला आज कळला होता.

जवळ पाणी होतं ते पंजाबरावाच्या विहिरीत. तो काट्यांच्या पलीकडे काठी घेऊन इतर माणसांबरोबर उभा होता. उन्हानं त्याचा चेहरा काळवंडला होता.

"दादा, घागरभर पानी दे. हे बाई मरून रायली."

"पुढं येऊ नको, मनकर्णे."

"मी नाई येत. तू ठेवून दे, आमी घेतो."

"या लोकायनं मरी आनली. तिले घेऊन जाय आपल्या डागदरापाशी."

"पाच-सहा कोस अंतर हाय तथपावतर. तिचा जीव राहीन काय?"

पंजाबरावनं तोंड फिरवलं. माणसं काठ्या टेकून उभीच होती. मनकर्णानं खाली वाकून त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या पदराची सावली केली. आणखी काही करण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं. थोड्या वेळानं मळ्याच्या दुसऱ्या कडेनं, माणसांच्या नजरेआडून, पार्बताबाई आली. तिनं धुऱ्यावर घागर ठेवली, मनकर्णाकडे एकदा पाहिलं आणि परत गेली.

बाई गंगूबाईच्या हातून प्याली. ती वाचली. तेवढी एकच. दोघींनी तिला गाडीत घालून दवाखान्यात आणलं, चार-पाच दिवस ती तिथं राहिली आणि त्या दिवसांत मनकर्णा तिच्याजवळ बसून विचारत राहिली: दुखतं याला काय म्हणता, भूक लागली याला काय, भिऊ नको याला काय. बाई सांगायची. कधी मनकर्णाच्या बोलण्याला हसायची. बरी झाल्यावर एके सकाळी उठून पहाडाकडे चालू लागली.

जमुना कामाला हात लावेना. चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसायची.

"मावशी, मी मारलं त्यायले," ती म्हणाली.

"तू मी शिकवलं तसं केलं. मीच तुले तेवढंच शिकवलं. उचलाले शिकवलं, विचाराले नाई शिकवलं."

"मंग आता काय शिकवसान? मेले ते मेलेच ना?"

"मेलेच," मनकर्णा म्हणाली.

वैशाख संपता संपता साथ अकोल्याकडच्या कामावर भडकली आणि शेषरावांनी त्यांना तिकडे नेलं. मोर्णा नदीच्या काठी तट्ट्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. मनकर्णानं तिथं नवा नेम केला. पहिल्या दिवशी कोणी कोणाला हात लावायचा नाही. प्रत्येकीनं एकेका वस्तीच्या बाहेर जाऊन बसायचं. पाण्याला काय म्हणतात ते शिकायचं. कोणाच्या हातचं पाणी चालतं ते विचारायचं. माणूस गेला तर त्याला काय करता ते विचारायचं, आणि हे जिवंतपणीच विचारायचं. दवाखान्यात नेलं तर घरचं एक माणूस सोबत आणायचं. शेषरावांना आधी हे वेळखाऊ वाटलं.

"तोवर दहा जण मरतील, बाई."

"मरतीन. बडनेऱ्याले किती मेले ते तुमी पाह्यलंच हाय."

शेषरावांनी चितेचा रिवाज बदलला. कोणाला कुठं ठेवायचं ते घरच्यांना विचारूनच ठरू लागलं.

याचा फार मोठा गुण आला असं नाही. वडार बायका स्वतःहून येऊ लागल्या, झोपड्या रिकाम्या होणं थांबलं. पण माणसं मरतच होती. ज्वारी इतकी महागली होती की रोगातून उठलेला माणूस पेजेविना परत पडायचा. रस्त्यानं कापसाच्या गाड्या घुंगरं वाजवत जात होत्या आणि गाडीवान नाकाला फडका लावून बैलांना पिटाळत होते.

जेठात हाजराबी पडली. सकाळी ती वडारणीची कूस बदलत होती आणि दुपारी तिच्याच शेजारच्या बाजेवर होती. तिनं आधीच सगळ्यांना एवढं बसून पाजलं होतं की तिला पाजायला चार बाया उठून आल्या, त्यांना उठवत नव्हतं तरी. अकोल्यालाही चुलीपाशीच बसून असलेली जमुना त्या दिवशी पहिल्यांदा उठली. हाजराबीचे पाय मांडीवर घेऊन ती शेकत राहिली.

"जमुना," हाजराबी म्हणाली, आवाज पार बसलेला, "मले आग नको दिजो. मिट्टी. आन् नहलाना औरतनंच. मर्दानं नाई."

"काई होत नाई तुले."

"तू सांग ना, हो म्हन."

"हो," जमुना म्हणाली.

दिवस कलायच्या आत हाजराबी गेली.

शेषराव स्वतः मशिदीत गेले. पुरुष आले, त्यांनी नदीपलीकडे कबर खणली, पण त्यांच्या घरच्या बाया मरीनं गेलेल्या बाईला आंघोळ घालायला तयार होईनात. शेवटी एक म्हातारी आली. ती दवाखान्यात शिरली नाही. बाहेर बाभळीखाली उभी राहिली.

"माह्यात दम नाई," ती म्हणाली. "घरी नाती हायेत. मी अथूनच सांगतो, तुमी करा."

चादरींचा आडोसा केला. म्हातारी बाहेरून सांगत गेली: आधी उजवी बाजू, असं पाणी घाला, आता डावी, तिला पालथी करू नका, हळू. मनकर्णा पाणी ओतत होती. गंगूबाईनं हाजराबीला धरलं होतं. जमुना धूत होती. हाजराबीच्या नखांत राख आणि चुना बसला होता. जमुनानं एकेक नख काडीनं साफ केलं. मध्येच म्हातारी थांबायची आणि दुआ म्हणायची, तेवढा वेळ तिघीही हात थांबवून उभ्या राहायच्या. माळीण, महारीण, कुणबीण. असं चालतं का, असं मशिदीकडून आलेल्या कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसरं कोण होतं?

पुरुष जनाजा घेऊन गेले. बायांना कबरीपाशी जाता आलं नाही. त्या तट्टीजवळ उभ्या राहून नदीपलीकडे बघत होत्या. म्हातारी जाताना जमुनाला म्हणाली, "बेटी, नेक काम केलं तू." जमुनाला तोपर्यंत रडू आलं नव्हतं.

पाऊसकाळ लागला आणि साथ ओसरली. तट्ट्या काढल्या, चुना टाकला, शेषरावांची बदली झाली. निघताना त्यांनी मनकर्णाला सांगितलं की अशा बायांना कायमचं ठेवावं असं ते वरती बोलले होते, पण साथ संपल्यावर कोणी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. पुढं कधीतरी लढाई थांबल्याची खबर आली आणि कापसाचा भाव एका हंगामात कोसळला. गाड्या उभ्या राहिल्या.

गंगूबाई आपल्या गावी गेली. तिथं महारवाड्यातसुद्धा तिला वर्षभर वेगळं बसवलं, मरीच्या मढ्यांत राहिली म्हणून. जमुनाला जायला घर नव्हतं. ती आणि मनकर्णा मोर्णेच्या काठी एका झोपडीत राहिल्या. मनकर्णा भाजी विकायची, पण पुष्कळ लोक तिच्या हातची भाजी घेत नसत. बाळंतपणाला, तापाला, कोणी नसलेल्या माणसाला मात्र त्यांना बोलावणं यायचं, बहुतेक वेळा मागच्या दारानं. वलगावला भाचीचं लग्न झालं. मनकर्णाला ते बाजारात कळलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

तीन उन्हाळ्यांनी मरी परत आली. नवीन डॉक्टरनं दवंडी पिटवून बाया मागितल्या. दोन आल्या, त्यातली एक पहिल्याच दिवशी पळाली. दुसरीनं जमुनाकडे बघून विचारलं, "तुमाले भेव नाई लागत?"

"लागते," जमुना म्हणाली. "रोज लागते."

मनकर्णाचं अंग तोवर मोडलं होतं. कंबर धरल्यानं तिला रोगी उचलता येत नसे. ती बाजेवर बसून कोणाला कुठं पाठवायचं ते बघायची; यातून काही निघेल ही आशा तिनं मनातून सोडून दिली होती. तट्ट्यांत बाया पडलेल्या होत्या, आणि त्यांच्यापाशी उठून जाणाऱ्या दोनच होत्या, जमुना आणि ती नवी बाई.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारच्या उन्हात रस्त्यावरून गंगूबाई आली. पुरती पांढरी झालेली. गावाहून पायी आली होती. तिच्यामागं डोक्यावर गाठोडं घेतलेली एक तरणी बाई होती.

"हे माह्यी सून, मैना," गंगूबाई म्हणाली. "माह्या पोराची बायको. इतके दिवस माहेरी होती. मी सांगितलं तिले सगळं. बडनेऱ्याचंबी सांगितलं, लपवलं नाई."

"तरी आली?"

"तरी आली."

मनकर्णानं मैनाला जवळ बसवलं. गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पोरगी घाबरलेली होती, डोळे सारखे तट्ट्यांकडे जात होते. आतून कोणीतरी कण्हत होतं.

"नदीच्या अंगाले बंजाऱ्यायचा तांडा उतरला हाय," मनकर्णा तिला म्हणाली. "आज तू कोनाले हात लावू नको. जाऊन त्यायच्या बाहेर बस. पान्याले काय म्हनते ते विचारून ये."

मैना उठली. जमुना तिला वाट दाखवायला बरोबर गेली. त्या संध्याकाळपर्यंत तट्ट्यांत आणखी तीन जणी मेल्या. मैना पाण्याचा शब्द शिकून परत आली तेव्हा गंगूबाई त्यांच्या घरच्यांना, कोणाला कुठं ठेवायचं ते विचारत होती.